सामूहिक वनहक्क गावांत 'सहभागाची पातळी' ठरवायची कशी?

आराखडा_लेखक:

पूर्व विदर्भातल्या सहा गावांचे सामूहिक वनसंसाधन व्यवस्थापन आराखडे करायचे काम चालू आहे. सहाही गावांना सामूहिक वनहक्क (गावाचे जंगल गावाने मिळून वापरायचा आणि सांभाळायचा कायदेशीर हक्क) मान्य झालेले आहेत. निधी देणाऱ्यांच्या नमुन्यात एक रकाना आहे, 'लोकसहभागाची पातळी'. त्याखाली पाच चौकटी: माहिती दिली, मत विचारले, सामील केले, बरोबरीने ठरवले, निर्णय लोकांच्या हाती. एका गावासमोर एकच खूण करायची.

हाताशी आहे ते एवढेच: वर्षात सभा किती झाल्या, हजेरी किती होती, त्यात बाया किती. त्यावरून खूण करायला गेले की सहाही गावे चौथ्या-पाचव्या चौकटीत जाऊन बसतात. एका गावात वर्षात १४ सभा झाल्यात, पण ठराव वही कायम पंचायत कार्यालयाच्या कपाटात. दुसऱ्यात सभा पाचच, पण तेंदूचा (विडीच्या पानाचा) दर गावाने स्वतः बोलून ठरवला. यातले वरचे कोणते धरायचे?

सभा आणि हजेरी सोडून आणखी काय तपासावे, आणि ते कागदावर कुठे सापडते, एवढे सांगा.

ठराव_वही:

एका गावाला एक खूण ही त्या नमुन्याचीच चूक आहे, तुमची नाही. पातळी निर्णयागणिक बदलते. बांबू कोणत्या कक्षातला (जंगलाच्या कोणत्या क्रमांकाच्या तुकड्यातला) तोडायचा हे गाव ठरवते, पण त्या बांबूचे पैसे कशावर खर्च करायचे हे दोघेच ठरवतात, असे एकाच गावात सर्रास दिसते. म्हणून गावाऐवजी निर्णयांची यादी करा. वनहक्क गावात सहा-सात निर्णय पुरतात: तोड कुठे आणि कधी, चराई कुठे बंद, तेंदू आणि बांबूचा दर, मजुरी, वाहतूक परवाना, जमा पैशाचा खर्च, नियम मोडणाऱ्याला दंड. प्रत्येकापुढे वेगळी खूण. नमुन्यात जागा नसेल तर पुरवणी जोडा.

दुसरे म्हणजे तुमच्या पाच चौकटींत तळच्या पायऱ्याच नाहीत. शेरी आर्नस्टीन यांनी १९६९ साली अमेरिकेतल्या शहर-योजनांवरून जी आठ पायऱ्यांची शिडी मांडली, तिच्यात सर्वांत खाली दोन पायऱ्या होत्या: हातचलाखी आणि 'उपचार', म्हणजे दोष लोकांचाच धरून त्यांना सुधारायला बसणे. या दोन्ही सहभागाच्या नावाखाली चालतात, पण त्यात सहभाग नसतोच. त्यावर माहिती देणे, सल्ला घेणे आणि समितीत एखादी खुर्ची देऊन गप्प बसवणे. भागीदारी सहाव्या पायरीवर, सोपवलेला अधिकार सातव्यावर, पूर्ण ताबा आठव्यावर. तुमच्या नमुन्यात कोऱ्या कागदावर अंगठे घेणाऱ्या गावालासुद्धा किमान 'माहिती दिली' मिळणार. म्हणून एक शून्याची चौकट स्वतः वाढवा.

आता कागद. आधी ठराव वही मागा आणि मजकूर वाचण्याआधी सह्या कुठे आहेत ते पाहा. ठराव संपल्यावर त्याच पानावर सह्या असतील तर बरे. हजेरीच्या सह्या आधीच्या पानावर, आणि नंतरच्या पानावर एकाच शाईत, एकाच हाताने लिहिलेले ओळीने चार ठराव, असे असेल तर सह्या आधी आणि ठराव नंतर झालेत असे समजायला हरकत नाही. सूचक-अनुमोदक दर वेळी तीच दोन नावे आहेत का? विषयपत्रिकेत नसलेले विषय 'ऐनवेळचे विषय' म्हणून किती मंजूर झाले? पैशाचा ठराव ऐनवेळी आला असेल तर त्या निर्णयाला दुसऱ्या चौकटीच्या वर जाऊ देऊ नका. आणि एखादा प्रस्ताव नामंजूर झाल्याचा किंवा पुढे ढकलल्याचा ठराव आहे का ते शोधा. तीन वर्षांत एकदाही 'नाही' नसेल तर मला तरी ती वही खरी वाटत नाही.

मग बँक. खाते ग्रामसभेच्या समितीचे वेगळे आहे, की संयुक्त वन व्यवस्थापनाचे (वनखाते आणि गाव मिळून चालवायच्या आधीच्या योजनेचे) जुनेच चालू आहे? जुन्या खात्यावर वनपालाची सही असायची. ते खाते चालू असेल तर गावाचा हक्क कागदावर कितीही पक्का असो, चेक फाडायला वनखात्याची परवानगी लागतेच. नव्या खात्यात तीन सह्यांपैकी कोणत्याही दोन, आणि तिघांत निदान एक बाई, ही रचना चांगली चालते. फक्त हल्ली सह्यांइतकाच महत्त्वाचा आहे तो खात्याला जोडलेला मोबाइल नंबर. ओटीपी ज्याच्या फोनवर येतो, खाते त्याचे. हे विचारायला लोक विसरतात.

तुमच्या १४ सभांच्या गावापेक्षा ५ सभांचे गाव वर, पण तेही दराच्या बाबतीतच. बाकी निर्णय तपासल्याशिवाय नको.

कलम_पाच:

वरच्यात कायद्याची बाजू जोडतो, कारण इथे सत्तेची वाटणी भावनेवर नाही, नियमांत लिहिलेली आहे. त्यामुळे गावाची पातळी मोजताना पट्टी तिथूनच घ्यावी.

तीन व्यवस्था शेजारी ठेवून बघा. महाराष्ट्रात संयुक्त वन व्यवस्थापन १९९२ च्या शासन निर्णयाने आले. समिती गावाची, सचिव वनखात्याचा, जमीन आणि आराखडा खात्याचा, गावाला राखणीच्या बदल्यात वाटा. 'संयुक्त' हा शब्द भागीदारीचा असला तरी आर्नस्टीनच्या शिडीवर ही पाचवी पायरी, जिथे खुर्ची मिळते पण ताबा नाही. मग २०१४ चे ग्रामवन नियम. त्यांच्या नावातच ग्रामवन सोपवणे, व्यवस्थापन आणि रद्द करणे असे तिन्ही शब्द आहेत. जे रद्द करता येते तो सोपवलेला अधिकार. सातवी पायरी, फार तर. आणि वनहक्क कायदा, २००६: कलम ३(१)(झ) खाली सामूहिक वनसंसाधनाचे रक्षण, पुनर्निर्माण आणि व्यवस्थापन हा हक्क म्हणून मान्य होतो, आणि कलम ५ ग्रामसभेला जंगलातला वावर नियंत्रित करण्याचा आणि हानी करणारी कामे थांबवण्याचा अधिकार देते.

याच कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्त नियमांत तीन जागा अशा आहेत जिथे सत्ता प्रत्यक्ष हात बदलते. नियम ४(१)(ङ) ची समिती ग्रामसभेच्या सदस्यांतूनच करायची, म्हणजे वनरक्षक तिचा सचिव असू शकत नाही. तुमच्या सहा गावांत संयुक्त वन व्यवस्थापन समितीचा जुनाच गोल शिक्का वापरात आहे का पाहा. शिक्का जुना असेल तर बहुधा सचिवही जुनाच असतो. दुसरी जागा आराखड्याची. तोही हीच समिती करते आणि तो वनखात्याच्या कार्य आयोजनेशी (खात्याच्या स्वतःच्या जंगल-आराखड्याशी) जोडताना फेरफार किती करायचे हेही समितीच ठरवते. उलट्या क्रमाने, म्हणजे कार्य आयोजनेतली पाने उतरवून वर गावाचे नाव घालून केलेला आराखडा असेल तर तो सल्लामसलतीच्याही खाली गेला.

तिसरी जागा स्थळ पडताळणीची. वनहक्काच्या दाव्याची जागेवर पडताळणी होताना वन किंवा महसूल खात्याचा माणूस गैरहजर राहिला आणि नंतर त्यावरून हरकत आली, तर दावा फेरपडताळणीसाठी ग्रामसभेकडे परत येतो. दुसऱ्यांदाही ते आले नाहीत तर ग्रामसभेचा पडताळणीचा निर्णय अंतिम. दावे तपासणाऱ्या उपविभागीय समितीला ठराव अपुरा वाटला तर तिने तो परस्पर बदलायचा किंवा फेटाळायचा नाही, कारणे देऊन ग्रामसभेकडे परत पाठवायचा. दाव्याच्या फाइलमध्ये असे परत आलेले पत्र आणि त्याला ग्रामसभेने दिलेले उत्तर दोन्ही सापडले, तर त्या गावात व्यवस्था चालते हे मी हजेरीपटापेक्षा जास्त मानेन.

गणपूर्तीत घोळ करू नका. ग्रामपंचायत कायद्याखालच्या ग्रामसभेला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांतली कमी संख्या पुरते, आणि तहकूब सभेला तीही लागत नाही. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्म्या सदस्यांची हजेरी हवी, हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया, आणि दाव्याचा ठराव असेल तर निम्मे दावेदार किंवा त्यांचे प्रतिनिधी. शिवाय ही ग्रामसभा पाड्या-टोल्याचीही असू शकते, गट ग्रामपंचायतीचीच असली पाहिजे असे नाही. चार गावांच्या गट ग्रामपंचायतीत तहकूब सभा घेऊन एका टोल्याच्या जंगलाचा ठराव केलेला दिसला, तर तो वनहक्काच्या कामाचा नाही.

फळी_हिशेब:

दर गावाने ठरवला म्हणून ते गाव वर, यावर थोडे थांबा. तेंदूत सत्ता दरापाशी दिसते आणि फळीवर, म्हणजे पाने मोजून घेण्याच्या जागी, गळते.

महाराष्ट्रात प्रमाण गोणी म्हणजे १००० पुडके, एका पुडक्यात ७० पाने. गोणीला दर काय, हे सगळे गाव बसून ठरवते, चांगली घासाघीसही करते. पण फळीवर पुडके मोजून घेतो तो ठेकेदाराचा मुन्शी. पुडके 'हलके' आहे म्हणून ७० च्या जागी ७५ पाने बांधायला लावली, तर २०० गोणींच्या गावात १० लाख पाने फुकट जातात. म्हणजे १४ गोण्यांहून जास्त. शिवाय खराब म्हणून बाजूला टाकलेले पुडके वेगळेच. त्यांचे काय झाले हे कोणाच्याच वहीत नसते. दर आठव्या पायरीवर आणि मोजणी पहिल्या, असा हा प्रकार.

म्हणून तपासताना पाहा: फळीवर ग्रामसभेचा स्वतःचा मोजणीदार आणि स्वतःची वही आहे का? रोज संध्याकाळी मुन्शीच्या आणि गावाच्या वहीचा आकडा जुळवून दोघांच्या सह्या होतात का? तोडणाऱ्याच्या कार्डावर रोजचे पुडके चढतात का? हंगाम काही दिवसांचाच असतो, वळवाचा पाऊस आला की संपला, त्यामुळे नंतर हिशेब मागून काहीच हाती लागत नाही. आणि बूटकटाईचा खर्च कोणी केला हेही विचारा. हंगामाआधीची छाटणी ठेकेदाराच्या पैशाने झाली असेल तर लिलाव होण्याआधीच गाव त्याच्याशी बांधले गेलेले असते.

करारनामाही मागा. बहुतेक वेळा घोटाळा दरात नसतो, हप्त्यांत असतो. पहिला हप्ता वेळेवर, दुसरा उशिरा, तिसरा माल उचलल्यावर येईल म्हणून सांगितलेला. पान गोदामातून हलले की गावाच्या हातात काही उरत नाही. करारात 'रक्कम जमा झाल्याशिवाय वाहतूक परवाना नाही' हे वाक्य आहे की नाही, आणि परवाना पुस्तक कोणाकडे आहे, या दोन गोष्टींवर गावाची खरी पातळी कळते. परवाना पुस्तक ठेकेदाराकडे सह्या करून देऊन टाकलेले असते, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पटत नाही.

एकट्या गावाला १०० गोण्यांवर ठेकेदार विचारत नाही, म्हणून गावे एकत्र येऊन लिलाव करतात; कोरची तालुक्यातली महाग्रामसभा हे त्याचे माहितीतले उदाहरण. त्यात भाव चांगला मिळतो, पण तुमच्या रकान्यासाठी नवा प्रश्न उभा राहतो. गावाचा निर्णय वरच्या बैठकीत गेला. प्रतिनिधी काय बोलून आला हे परत गावच्या सभेत आले का, तेवढे तपासा.

मोहफूल:

सगळे बाहेरच्यांशी असलेल्या वाटणीबद्दल लिहीत आहेत. गावाच्या आतली वाटणी कोण मोजणार?

साधे उदाहरण. पुनर्निर्माणासाठी एक कक्ष पाच वर्षे चराईबंद करायचा ठराव होतो. बैल असलेल्यांना बांधावर, पेंढ्यावर भागवता येते. पंधरा शेळ्यांवर घर चालवणाऱ्याला येत नाही. सरपणाची वाट लांब झाली तर ती बायांची लांबते. ठराव 'एकमताने' झालेला असतो, कारण सभेत ही माणसे एकतर नव्हती किंवा बोलली नाहीत. तेव्हा प्रत्येक ठरावापुढे एक ओळ वाढवा: याची झळ कोणाला, आणि तो माणूस सभेत होता का? उत्तर हजेरीपटात सापडते, फक्त नावे घरांशी जुळवावी लागतात. अर्ध्या दिवसाचे काम आहे.

बायांची एक तृतीयांश हजेरी ही गणपूर्ती झाली. त्यांनी विषय मांडला का, हे वेगळे. ज्या ठरावांची सूचक बाई आहे असे ठराव मोजा. आणि ते ठराव हळदीकुंकू-अंगणवाडीचेच आहेत की मोहफुलाच्या साठवणुकीचे, मजुरीचे, दंडाचेही आहेत ते बघा. मोह वेचतात बाया, विकायला जातात पुरुष, आणि दराची चर्चा रात्री आठनंतर चावडीवर. सभेची वेळ हासुद्धा सत्तेचाच भाग आहे.

ठराव_वही:

@मोहफूल, घरांशी नावे जुळवायची सूचना घेतली. पण 'एकमता'वर इतका संशय नको. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) इथे निर्णय सर्वसहमतीनेच होतात आणि ते गाव काही दबून नाही.

मोहफूल:

मेंढ्यात सर्वसहमती चालते कारण तिच्यामागे अभ्यासगट आहेत. तिथे विषय आधी चघळला जातो, बाहेरचा माणूसही येऊन बोलू शकतो, पण तिथे निर्णय होत नाही, निर्णय ग्रामसभेतच. चर्चा आणि निर्णय वेगळे ठेवले की गप्प बसणाऱ्यालाही विचार करायला वेळ मिळतो. इतर गावांनी यातले 'एकमत' तेवढे उचलले आणि अभ्यासगट सोडून दिला. मग एकमत म्हणजे ज्याचा आवाज मोठा त्याचे मत.

वनहक्क नियमांत साधे बहुमत पुरते. मी म्हणेन गावाने हवी तर सर्वसहमती ठेवावी, पण विरोध असेल तर विषय एकदा पुढच्या सभेपर्यंत थांबवावा, मधल्या काळात ज्यांना झळ बसते त्यांच्याशी वेगळे बसावे, आणि तरीही विरोध राहिला तर तो नावासकट इतिवृत्तात लिहावा. वहीत विरोधी मत लिहिलेले सापडणे ही चांगली खूण.

आराखडा_लेखक:

खूप उपयोगी. निर्णयांची यादी, शून्याची चौकट, झळ कोणाला, असे तिन्ही घालून पुरवणी करतो. दोन शंका. एक, खाण किंवा रस्त्यासाठी ग्रामसभेची संमती घेतली जाते तो निर्णय या यादीत घ्यायचा का? दुसरी, वाहतूक परवान्याचा ठरलेला नमुना आहे का? दोन गावांनी अजून पुस्तकच छापलेले नाही.

कलम_पाच:

संमतीचा निर्णय घ्या, पण वेगळ्या रकान्यात, कारण तिथे विषय गाव मांडत नाही. ओडिशातल्या नियमगिरी डोंगराचे उदाहरण सगळ्यांना माहीत आहे: सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी बॉक्साइट खाणीचा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवायला सांगितले आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी नकार दिला. नकार मानलाही गेला. मात्र त्या डोंगरात शंभरावर वस्त्या असताना कोणत्या बारा गावांना विचारायचे हे ओडिशा सरकारने ठरवले होते. म्हणून संमतीच्या बाबतीत तीन गोष्टी लिहा. कोणाला विचारायचे हे कोणी ठरवले, सभेआधी किती दिवस आणि कोणत्या भाषेत कागद मिळाले, आणि नकार दिल्यावर तोच प्रस्ताव पुन्हा किती वेळा आणला गेला. तिसऱ्या सभेत मिळालेल्या होकाराला पहिल्या सभेच्या होकाराची किंमत देऊ नका.

फळी_हिशेब:

परवान्याचे अधिकार नियमानेच समितीकडे किंवा ग्रामसभेने नेमलेल्या व्यक्तीकडे आहेत, त्यामुळे वनखात्याकडून पुस्तक मिळायची वाट बघू नका, छापून घ्या. गौण वनोपजावर (तेंदू, मोह, बांबू असा इमारती लाकूड सोडून जंगलातला माल) स्वामित्वशुल्कही नाही. तीन प्रतींचे पुस्तक करा: एक गाडीसोबत, एक वनपरिक्षेत्र कार्यालयाच्या माहितीसाठी, तिसरी पुस्तकातच. प्रत्येक पानावर छापील क्रमांक, ग्रामसभेचे नाव, वनहक्क दाखल्याचा क्रमांक आणि तारीख, कक्ष क्रमांक, मालाचा प्रकार, नग किंवा गोणी अंकी आणि अक्षरी, गाडीचा नंबर, कुठून कुठे, आणि मुदत तारखेसह वेळेत. मुदतीत वेळ लिहिली नाही की एकाच परवान्यावर दोन फेऱ्या होतात. सह्या दोन, आणि त्या गाडी भरून झाल्यावरच.

पुस्तक सुरू करण्याआधी ठराव घ्या: कोणत्या क्रमांकापासून कोणत्या क्रमांकापर्यंत छापले, कोणाच्या ताब्यात दिले. खराब झालेले पान फाडायचे नाही, आडवी रेघ मारून तिन्ही प्रती पुस्तकातच ठेवायच्या. हंगाम संपला की वापरलेले, रद्द झालेले आणि कोरे क्रमांक सभेत वाचून दाखवायचे, आणि त्याच बैठकीत पासबुकातल्या जमा रकमेशी जुळवायचे. बांबूसाठी हेच पुस्तक वापरू नका, त्याचे वेगळे छापा. पावसाळ्यात वास्ते (बांबूचे नवे कोंब) फुटतात तेव्हा तोड बंद असते, त्या महिन्यांत बांबूच्या पुस्तकातून एखादे पान गेलेले दिसले तर ते लगेच लक्षात येते.